क्षयाचा धडा, भलत्याच जंतूला

दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा आठवडा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दलच्या जागरूकतेचा म्हणून जगभर पाळतात. आपल्याकडेही रुग्णालयांच्या भिंतींवर पोस्टर लागतात आणि त्यांवर एक वाक्य हटकून असतं: अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. मग ठरलेलं भांडण सुरू होतं. डॉक्टर म्हणतात, लोक दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की उरलेलं पाकीट फळीवर टाकतात. लोक म्हणतात, साध्या पडशाला एवढी औषधं लिहिली कोणी? मेडिकलवाला म्हणतो, चिठ्ठीशिवाय नाही दिलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. यात सगळ्यांचंच थोडं थोडं खरं आहे, आणि तरीही हे भांडण चुकीच्या जागी चाललंय. आयसीयूत ज्या जंतूंनी डॉक्टरांच्या हातातली औषधं काढून घेतली आहेत, ते बहुतेक करून कुणाच्या अर्धवट कोर्समुळे तिथे आलेले नाहीत. त्यांच्याकडे औषध निकामी करणारी जनुकं आहेत. ती एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे जातात, आणि तो जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. हा प्रवास अडवला नाही, तर कोकणात रायगडपासून दोडामार्गपर्यंत प्रत्येकाने घड्याळ लावून गोळ्या घेतल्या तरी आयसीयूतलं चित्र फारसं बदलणार नाही.

समोरची बाजू कच्ची नाही, हे आधी मान्य करतो. अँटिबायोटिकचा अतिवापर ही या दुखण्याची खरी खतपाणी घालणारी गोष्ट आहे. औषध नसेल तर प्रतिकाराचं जनुक बाळगणाऱ्या जंतूला काही फायदा नाही, उलट ते ओझंच. औषध आलं की बाकीचे मरतात आणि त्याला मैदान मोकळं मिळतं. अपुऱ्या मात्रेचा धोका अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पुरस्काराच्या भाषणातच सांगून ठेवला होता. आपल्याकडे 2014 पासून शेड्यूल एच-1 आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी; त्यात कितीतरी अँटिबायोटिकं आहेत, दुकानदाराने नोंदवही ठेवायची असते. ती वही किती ठिकाणी भरली जाते ते आपण सगळे जाणतो. ‘सुई मारल्याशिवाय ताप जातलो कसो?’ असं विचारणारा रुग्णही खोटा नाही. 2016 पासून दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आला, तो विषाणूचा. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

पण याच पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो, आणि तिथे रिपोर्टची वाट बघत बसणारा डॉक्टर रुग्ण गमावू शकतो. चिखलात दिवसभर उभा राहिलेला माणूस ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे घेऊन आला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करणंच शहाणपणाचं. म्हणजे ‘कमी वापरा’ हा सल्लासुद्धा कोकणात सरसकट देता येत नाही.

मग ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आलं कुठून? ते आपल्या डोक्यात पक्कं बसलं क्षयरोगामुळे. आणि क्षयाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. क्षयाचा जंतू दुसऱ्या जंतूकडून प्रतिकाराची जनुकं उसनी घेत नाही. त्याचा प्रतिकार त्याच्याच गुणसूत्रातल्या चुकांतून येतो. आरपीओबी नावाच्या जनुकात नेमक्या जागी एक अक्षर बदललं की रिफाम्पिसिन लागू पडत नाही, आणि अशी चूक साधारण दहा कोटी जंतूंत एखाद्यात आपोआप झालेली असते. फुप्फुसातल्या एका पोकळीत तेवढे जंतू सहज असतात. म्हणून एकदम तीन-चार औषधं द्यायची, म्हणून महिनोन् महिने द्यायची, म्हणून मध्ये सोडायची नाहीत. त्या रुग्णाच्या शरीरात, त्या रुग्णाच्या वागण्यावर प्रतिकार घडतो किंवा टळतो. डॉट्सच्या, म्हणजे नजरेसमोर गोळ्या घ्यायला लावण्याच्या काळात आशाताईंनी घरोघरी जाऊन गोळ्या गिळायला लावल्या, त्यामागचं शास्त्र निर्दोष होतं. चूक झाली ती पुढे: एका रोगाचा धडा आपण सगळ्याच जंतूंना लावला.

आता दुसरा जंतू बघा. क्लेब्सिएला हा आतड्यात राहणारा आणि रुग्णालयात उपद्रव करणारा जंतू. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या मॅकॉन्कीच्या थाळीवर तो ओळखायला भिंग लागत नाही. रात्रभर 37 अंशांवर ठेवलेली थाळी सकाळी उघडली की गुलाबी, फुगीर, ओलसर ठिपके दिसतात. तारेचं कडं टेकवून उचललं तर काही वेळा चिकट धागा लोंबत वर येतो. तोच जंतू दुसऱ्या थाळीवर पसरायचा आणि वर औषध भरलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटेल ते औषध चालेल. आयसीयूतून आलेल्या नमुन्यात हल्ली कधी कधी एकाही चकतीभोवती गोल नसतो. थाळीभर दाट साय आणि त्यात रुतलेल्या पांढऱ्या चकत्या. रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. मेरोपेनेम या राखीव औषधासमोरसुद्धा.

हा जंतू आपल्या बळावर एकेक चूक साठवत इथवर पोचला असेल? सात-आठ औषधं, प्रत्येकाची मारण्याची तऱ्हा निराळी, आणि या पठ्ठ्याने सगळ्यांवर उतारे स्वतः शोधले? हिशेब जमत नाही. 1950च्या दशकात जपानी डॉक्टरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. हगवणीच्या शिगेला जंतूंत एकदम चार औषधांना प्रतिकार दिसू लागला: सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. रुग्णाने घेतलेलं असायचं त्यांतलं एकच. अकिबा आणि ओचिआय यांच्या गटांनी 1959 साली दाखवलं की प्रतिकारी जंतू आणि साधा जंतू एकत्र वाढवले तर चारही प्रतिकार एका झटक्यात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शिगेलाकडून आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूकडे, म्हणजे एका जातीतून दुसऱ्या जातीत. पुढे कळलं की हे सामान गुणसूत्रावर नसतंच. डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतं. त्याला आज प्लाझ्मिड म्हणतात.

कोकणातल्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळावा. गुणसूत्र म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन, वारसांनाच मिळणारी. प्लाझ्मिड म्हणजे खिशातली नोट, शेजाऱ्यालाही देता येणारी, आणि देऊनही देणाऱ्याच्या खिशात शिल्लक राहणारी. या कड्यावर उड्या मारणारी जनुकं असतात, ती एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जातात. इंटिग्रॉन नावाची रचना असते, ती सुटी जनुकं गोळा करून एका ओळीत लावते. काही प्लाझ्मिडांवर विष आणि उतारा अशी जोडी असते. प्लाझ्मिड टाकून देणाऱ्या पेशीत उतारा आधी संपतो आणि उरलेलं विष तिला मारतं. एकदा आत शिरलेलं प्लाझ्मिड सहजी बाहेर का पडत नाही, त्याचं हे एक कारण.

एनडीएम-1 (यातलं ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली) हे मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं जनुक 2008 साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात सापडलं. त्याआधी त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते. ऑगस्ट 2010 मध्ये त्याविषयीचा मोठा अभ्यास छापून आला तेव्हा देशभर गदारोळ उठला, पण कशावरून? दिल्लीचं नाव का दिलं यावरून. परदेशी रुग्ण येणं थांबेल यावरून. त्या स्वीडनच्या रुग्णाची खरी धक्कादायक गोष्ट कुणी वाचलीच नाही: लघवीतल्या क्लेब्सिएलात जे जनुक होतं तेच त्याच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही सापडलं. बहुधा त्याच्या आतड्यातच एका जंतूने ते दुसऱ्याला दिलं होतं. या देवाणघेवाणीत त्याने कोणता कोर्स पुरा केला याला किती महत्त्व? उलट गोळी रोगाच्या जंतूपर्यंत पोचते तशी आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंपर्यंतही पोचते, आणि गरजेपेक्षा जास्त घेतलेला प्रत्येक दिवस त्यांच्यातल्या प्रतिकारी जंतूंना वाढायला वाव देतो. 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्लाच मागे घ्यावा असं उघड मांडलं. (याचा अर्थ मनाने गोळ्या बंद करा असा नाही. किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरला विचारा, आणि डॉक्टरांनी कमीत कमी किती दिवस पुरतील ते सांगावं.)

नुसत्या वापराने प्रतिकार येतो असं मानणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली मुलं आपल्या ओळखीत कुठे ना कुठे असतात. त्यांना पेनिड्युरचं, म्हणजे पेनिसिलिनचं, दुखरं इंजेक्शन दर 21 दिवसांनी, वर्षानुवर्षं देतात. म्हणजे घशातल्या स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिनचा मारा 1940च्या दशकापासून अखंड चालू आहे. तरीही तो जंतू आजतागायत पेनिसिलिनने मरतो. का? कारण पेनिसिलिन तोडणारं जनुक त्याच्या हाती लागलेलं नाही. शेजारचा स्टॅफिलोकोकस मात्र काही वर्षांत निसटला, कारण त्याच्या गोतावळ्यात ते जनुक होतं. वापर ही अट आहे, पण ती पुरेशी अट नाही. जनुक कुठून येतं आणि कशावर बसून फिरतं, हे सोडून केलेली चर्चा अर्धीच राहते.

येतं कुठून, याचं उत्तर किनारपट्टीवरच्या वाचकाला विशेष वाटावं. यातली बरीच जनुकं माणसाच्या औषधांपेक्षा कितीतरी जुनी आहेत. 30 हजार वर्षं गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. मेरोपेनेमच्या गटाला निष्प्रभ करणारं ऑक्सा-48 हे जनुक इस्तंबूलमधल्या क्लेब्सिएलात प्रथम सापडलं, पण त्याचं मूळ घर म्हणजे शेवानेला, पाण्यात राहणारा जंतू. सिप्रोफ्लॉक्सासिनपासून वाचवणारं क्यूएनआर-ए हेही शेवानेलाकडूनच आलं, त्यातल्या समुद्रात राहणाऱ्या जातीकडून. म्हणजे ही हत्यारं रुग्णालयात घडली नाहीत. रुग्णालयाने ती गोळा केली. सांडपाणी, खाडी, कोळंबीची तळी, आतडी आणि वॉर्ड हे एकाच वाहत्या पाण्याचे टप्पे आहेत. आपल्याकडे त्यातला एक टप्पा काटेकोर तपासला जातो. युरोपला निघालेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉलचा अंश सापडला तर माल परत येतो, म्हणून खोके जहाजावर चढण्याआधी नमुने प्रयोगशाळेत जातात. त्याच तालुक्यात सिझेरियननंतर टाके पिकलेल्या बाईच्या जखमेतला पू मात्र कित्येकदा कापसाने पुसून फेकला जातो आणि ‘हायर’ अँटिबायोटिक सुरू होतं. कोळंबीची किंमत डॉलरमध्ये आहे, हे मला कळतं. तरी प्रश्न राहतोच.

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ते म्हणतील, वापर कमी केला तर दबाव कमी होईल आणि जनुकं आपोआप विरळ होतील. तर्क चोख आहे. पण त्याची परीक्षा झालेली आहे. इंग्लंडमध्ये सल्फा गटाच्या औषधाच्या चिठ्ठ्या 1991 साली वर्षाला सुमारे 3 लाख 20 हजार होत्या, त्या 1999 पर्यंत 7 हजारांवर आल्या. इतकी घट आपल्याकडे कुठला सरकारी फतवा घडवून आणू शकेल? आणि लंडनच्या एका रुग्णालयात तपासलेल्या ई. कोलायमधला सल्फाविरुद्धचा प्रतिकार याच काळात 40 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेला. कारण ते जनुक इतर औषधांच्या जनुकांशेजारी एकाच प्लाझ्मिडवर बसलेलं होतं. एक औषध बंद केलंत, पण दुसरं चालू आहे. ते दुसरं औषध सगळं बिऱ्हाड जगवतं. काही इंटिग्रॉनवर तर जंतुनाशक द्रावणांपासून बचाव करणारं जनुकही असतं. वापर घटवावाच, नवीन प्रतिकारी जंतू मोठे होऊ नयेत म्हणून. पण आत शिरलेले बाहेर जावेत म्हणून तेवढं पुरत नाही.

मग काय पुरतं? याचंही उत्तर जुनं आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बरने 1946 ते 1948 या तीन वर्षांत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस मोजले: 14 टक्के, मग 38, मग 59. तिचा निष्कर्ष असा, की औषध घेता घेता रुग्णाचा साधा जंतू बदलत नव्हता. प्रतिकारी जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत होता. साठ वर्षांनी इस्रायलमध्ये कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटाला) न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाची साथ देशभरच्या रुग्णालयांत पसरली. मार्च 2007 मध्ये सरकारने कामं सक्तीची केली: अशा रुग्णांची नोंद, वेगळी खोली, त्यांच्यासाठी वेगळ्या नर्स, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारं एक पथक. तेव्हा महिन्याला 1 लाख रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा रुग्णालयातला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) 55.5 नवे रुग्ण होते. मे 2008 मध्ये 11.7 उरले. साथ मोडली ती खाटांमधली वाट अडवल्यामुळे.

ही वाट नेमकी कुठून जाते, हे वॉर्डात उभं राहून बघण्यासारखं असतं. सिस्टर एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करते आणि तेच ग्लोव्ह घालून शेजारच्याचं सलाईन बदलते. चाळीस रुग्णांमागे ती एकटी असेल तर दुसरं काय करणार? पिशवीतलं पाणी ओततात कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये. त्याच बेसिनमध्ये डॉक्टर हात धुतात. बेसिनखालच्या वाकड्या नळीत कायम पाणी साचलेलं असतं आणि तिच्या आतल्या बुळबुळीत थरात जंतू नांदतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्रयोगात असं दिसलं की नळीतला ई. कोलाय रोज सुमारे अडीच सेंटिमीटर या वेगाने वर चढत जाळीपर्यंत येतो, आणि मग नळाची धार त्यावर पडली की शिंतोड्यांबरोबर बाहेर उडतो. बेसिनच्या कठड्यावर ठेवलेली इंजेक्शनची ट्रे डोळ्यांसमोर आणा. या थरात क्लेब्सिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर अंगाला अंग लावून राहतात. प्लाझ्मिड द्यायला-घ्यायला याहून सोयीची जागा नाही.

रोग्याच्या सवयींकडे बोट दाखवून वाहकाकडे दुर्लक्ष करण्याची आपली रीत जुनी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने स्टेशनांवर आणि बंदरांवर माणसं उभी करून काखा-जांघा तपासल्या, घरं कार्बोलिकने धुतली, सामान जाळलं. गिरणीतले रत्नागिरीकर बोटींनी गावी पळाले. लोकांची अस्वच्छता हेच मूळ, असं साहेबाला मनापासून वाटत होतं. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवांकडे बोट दाखवलं, तेही बराच काळ कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ती सगळी तपासणी वाया गेली असं मी म्हणत नाही. पण पिसू कुणाच्या काखेत सापडणार नव्हती.

‘नवीन औषध येईल की’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे जोडऔषध अमेरिकेत 2015 साली आलं. अमेरिकेत गाजलेल्या केपीसी या मेरोपेनेम निकामी करणाऱ्या जनुकावर ते चालतं, ऑक्सा-48 वरही चालतं. आपल्याकडे बोकाळलेल्या एनडीएमवर चालत नाही, कारण एनडीएम जस्ताच्या मदतीने काम करणारं वेगळ्या घराण्यातलं विकर आहे. तिथे त्याच्या जोडीला ॲझट्रिओनाम द्यावं लागतं. म्हणजे कोणतं जनुक आहे हे कळल्याशिवाय महागडं औषधसुद्धा अंधारात मारलेला दगड. जनुक ओळखायचं तर आधी कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू थाळीवर वाढवणं, हवं.

आणि इथे आपण कोकणावर येतो. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. ही लहान गोष्ट नाही. पण तालुक्याच्या रुग्णालयातून किंवा चार खोल्यांच्या नर्सिंग होममधून तिथवर नमुना रोज, वेळेत, थंड डब्यात पोचवणारी गाडी हवी. आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी फोनवर परत यायला हवा. कल्चर करून ठेवलेला कागद रुग्ण घरी गेल्यावर मिळत असेल तर डॉक्टर ते पाठवणं सोडून देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. गाडी आणि डबे, बेसिनची नळी बदलणं, पिशव्या ओतायला वेगळी मोरी, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात चोळायचं द्रावण (जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कृती जाहीर केलेली आहे, अल्कोहोल, ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साईडपासून ते जिल्ह्यातच बनतं) आणि रात्रपाळीला आणखी एक सिस्टर. जिल्हा नियोजन समितीत कमानी आणि सुशोभीकरणावर चर्चा होते, तिथे ही यादी का ठेवू नये?

आपली आणखी एक अडचण कोकणाचीच आहे. गंभीर रुग्ण इथे राहत नाही. सिंधुदुर्गचा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातो, रत्नागिरीचा आंबा घाटातून कोल्हापूरला, रायगडचा मुंबईला. व्हेंटिलेटरवर पंधरा दिवस काढून तो बरा होऊन येतो आणि आतड्यात प्रतिकारी क्लेब्सिएला घेऊन येतो. त्याला त्रास काही नसतो. महिनोन् महिने तो नुसता वाहक असतो. चार महिन्यांनी हर्नियासाठी गावच्या दवाखान्यात भरती होतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी असते, जंतूचं नाव नसतं. इस्रायलने रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना हे कळवायला लावलं. आपल्याकडे कार्डावर एक ओळ वाढवायला कायदासुद्धा लागणार नाही.

यावर एक आक्षेप मला डॉक्टर मित्रांकडून येतो आणि तो खरा आहे: ती ओळ वाचून खासगी रुग्णालयं अशा रुग्णाला दारातूनच परत पाठवतील. पाठवतील, एचआयव्हीच्या पहिल्या वर्षांत पाठवतच होती. म्हणून ती ओळ एकटी लिहून चालणार नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात स्वतःचा संडास आणि स्वतःचं बेसिन असलेली दोन खाटांची एक खोली अशा रुग्णांसाठी राखून ठेवायला हवी, आणि ती भरलेली नसेल तर नकार देता येणार नाही असा नियम. खोलीचा खर्च सार्वजनिक बांधकामवाले काढून देतील; नियम मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांना आजच्या आज काढता येईल.